बुद्धिमत्ता आणि तर्कातले कल

सर्व पक्ष्यांना पंख असतात; मोराला पंख असतात; म्हणून मोर पक्षी आहे. हा युक्तिवाद बहुतेकांना बिनचूक वाटतो. सर्व पक्ष्यांना पंख असतात. फुलपाखराला पंख असतात. म्हणून फुलपाखरू पक्षी आहे, असे म्हटले की मात्र चूक लगेच खटकते. दोन्ही युक्तिवादांचा आकार एकच आहे आणि दोन्ही सारखेच अयुक्त आहेत. पहिल्याचा निष्कर्ष आधीपासून खरा म्हणून माहीत आहे, दुसऱ्याचा खोटा म्हणून, एवढाच काय तो फरक. आधारविधानांतून निष्कर्ष निघतो की नाही, हे तपासण्याऐवजी माणूस निष्कर्ष पटतो की नाही हे पाहतो आणि त्यावरून युक्तिवादाला मान्यता देतो. विचारात एका ठरावीक दिशेने वारंवार होणाऱ्या अशा चुकीला मानसशास्त्रात पूर्वग्रह किंवा कल म्हणतात. थकव्याने किंवा घाईने होणारी चूक कधी इकडे तर कधी तिकडे जाते. कलाची दिशा मात्र आधीच सांगता येते.

बुद्धिमान माणसांत असे कल कमी असतील, असे सहज वाटते. बुद्धिमत्ता म्हणजे नीट विचार करण्याची क्षमता, आणि कल म्हणजे नीट विचार न होणे, तेव्हा एक वाढले की दुसरे घटावे, हे सरळच दिसते. गेल्या पन्नासेक वर्षांच्या संशोधनाने हे उत्तर पूर्ण खोडलेले नाही, पण त्याचे तुकडे केले आहेत. काही कलांबाबत ते बऱ्यापैकी खरे ठरले, काहींबाबत अर्धेच, आणि आपल्या रोजच्या आयुष्याला सर्वांत जवळच्या एका कलाबाबत जवळजवळ खोटे ठरले.

या चर्चेत बुद्धिमत्ता म्हणजे बुद्धिमापन चाचण्यांतून मोजली जाणारी क्षमता. चार्ल्स स्पिअरमन यांनी १९०४ मध्ये दाखवले की, वेगवेगळ्या बौद्धिक कामांतील गुण एकमेकांशी जुळून येतात. एका कामात पुढे असणारा सहसा इतरांतही पुढे असतो. या सामायिक भागाला त्यांनी सामान्य बुद्धिमत्ता म्हटले. पुढच्याच वर्षी पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने आणि तेओदोर सिमों यांनी शाळकरी मुलांसाठी पहिली व्यवहार्य चाचणी तयार केली. आपल्याकडे व्ही. व्ही. कामत यांनी तिचे कन्नड आणि मराठी भाषक मुलांसाठी रूपांतर केले आणि बिने-कामत चाचणी म्हणून ते ओळखले जाऊ लागले. या सगळ्या चाचण्यांत एक गोष्ट समान आहे. प्रश्न सोडवायचा आहे हे परीक्षार्थीला माहीत असते, प्रत्येक प्रश्नाला एक बरोबर उत्तर असते, आणि त्या उत्तराशी त्याच्या श्रद्धा, पक्ष, जात, देश यांचा काहीही संबंध नसतो. ही गोष्ट पुढे फार महत्त्वाची ठरते.

तर्कातील कलांचा प्रायोगिक अभ्यास मुख्यतः लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील पीटर वेसन यांच्यापासून सुरू झाला. १९६० मध्ये त्यांनी सहभागींना २-४-६ ही त्रयी दिली आणि तिच्यामागचा नियम ओळखायला सांगितले. सहभागींनी स्वतः नव्या त्रयी सुचवायच्या आणि त्या नियमात बसतात की नाही हे प्रयोगकर्त्याने सांगायचे. नियम अगदी साधा होता : चढत्या क्रमाने येणारे कोणतेही तीन अंक. बहुतेकांनी मात्र दोन-दोनने वाढणारे अंक असा तर्क मनाशी धरला आणि तो खरा ठरवणारीच उदाहरणे विचारत राहिले, ८-१०-१२, २०-२२-२४ अशी. आपला तर्क मोडू शकेल असे उदाहरण विचारणारे थोडेच निघाले. १९६६ मधला वेसन यांचा दुसरा प्रयोग आणखी गाजला. समोर चार पत्ते : अ, क, ४, ७. नियम असा की पत्त्याच्या एका बाजूला स्वर असेल तर दुसऱ्या बाजूला सम संख्या असते. नियम पाळला गेला आहे की नाही हे ठरवायला नेमके कोणते पत्ते उलटायचे? अ आणि ७, हे उत्तर आहे. कारण ७ च्या मागे स्वर निघाला तर नियम मोडतो, ४ च्या मागे काहीही असले तरी मोडत नाही. या मूळ स्वरूपात हे कोडे विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांपैकीही जेमतेम दहा टक्क्यांना सुटते. बहुतेक जण अ आणि ४ निवडतात.

निष्कर्षाच्या पटण्या-न पटण्याचा परिणाम जोनाथन इव्हान्स, ज्युली बार्स्टन आणि पॉल पोलार्ड यांनी १९८३ मध्ये नेमका मोजला. त्यांनी चार प्रकारचे युक्तिवाद दिले : युक्त आणि पटणारे, युक्त पण न पटणारे, अयुक्त पण पटणारे, अयुक्त आणि न पटणारे. ते मान्य करणाऱ्यांचे प्रमाण अनुक्रमे ८९, ५६, ७१ आणि १० टक्के आले. या आकड्यांत दोन गोष्टी एकदम दिसतात. लोकांना तर्क कळतो, कारण निष्कर्ष पटणारा असो वा नसो, युक्त युक्तिवाद अयुक्तापेक्षा जास्त वेळा मान्य झाला. तरीही समजुतीचा पगडा इतका जबर आहे की, पटणारा अयुक्त युक्तिवाद न पटणाऱ्या युक्त युक्तिवादाहून अधिक जणांनी स्वीकारला.

अॅमॉस ट्वर्स्की आणि डॅनियल कानेमन यांचे काम याच काळातले. अनिश्चित परिस्थितीत माणूस झटपट ठोकताळे वापरतो आणि त्यांतून ठरावीक चुका होतात, हे त्यांनी १९७४ च्या ‘सायन्स’मधील लेखात मांडले. १९८३ मध्ये त्यांनी लिंडा नावाच्या काल्पनिक स्त्रीचे वर्णन दिले : तल्लख, स्पष्टवक्ती, विद्यार्थिदशेत सामाजिक प्रश्नांवर चळवळीत असलेली. ती बँकेत रोखपाल असण्याची शक्यता जास्त, की रोखपाल असून स्त्रीवादी चळवळीत सक्रिय असण्याची? सुमारे ८५ टक्के लोकांनी दुसरा पर्याय निवडला. तो बरोबर असू शकत नाही, कारण दोन्ही अटी पुऱ्या करणाऱ्या व्यक्ती त्यांतली पहिली अट पुरी करणाऱ्या एकूण व्यक्तींपेक्षा जास्त असूच शकत नाहीत.

हे सगळे प्रयोग सरासरी माणसाबद्दल बोलत होते. जे मूठभर लोक बरोबर उत्तर देतात ते कोण, हा प्रश्न बराच काळ कोणी लावून धरला नाही. तो कीथ स्टॅनोविच आणि रिचर्ड वेस्ट यांनी १९९० च्या दशकात धरला. त्यामागे एक तात्त्विक वादही होता. १९८१ मध्ये तत्त्वज्ञ एल. जोनाथन कोहेन यांनी आक्षेप घेतला होता की, सामान्य माणसाचा तर्क प्रयोगातून चुकीचा ठरवताच येत नाही. चूक दिसते ती प्रयोगकर्त्याने लावलेल्या निकषाची किंवा प्रश्नाच्या मांडणीची. स्टॅनोविच आणि वेस्ट यांची युक्ती मोठी मार्मिक होती. चुका निव्वळ योगायोगाच्या असतील, किंवा निकषच चुकीचा असेल, तर अधिक बुद्धिमान लोकांनी त्या निकषाकडे झुकण्याचे कारण नाही. ते झुकत असतील तर निकषात काही तथ्य आहे.

ते झुकतात. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत अमेरिकेतील महाविद्यालय-प्रवेशाच्या सॅट परीक्षेतील गुणांचा समजुतीविरुद्धच्या युक्तिवादांशी सहसंबंध सुमारे ०.४७, वेसनच्या पत्त्यांशी सुमारे ०.३९ आणि सांख्यिकीय तर्काशी सुमारे ०.३५ आला. मानसशास्त्रात हे आकडे दुर्लक्ष करण्याजोगे नसतात. पण त्यांचा अर्थ जपून लावायला हवा. ०.४ सहसंबंधाचा वर्ग ०.१६ होतो, म्हणजे माणसामाणसांतील फरकाचा साधारण सोळा टक्के भाग बुद्धिमत्तेशी जुळतो, बाकीचा चौऱ्याऐंशी टक्के दुसऱ्या कशाशी. चाचणीत वरच्या गटात असूनही सपशेल चुकणारे पुष्कळ जण यात सहज मावतात.

शेन फ्रेडरिक यांनी २००५ मध्ये मांडलेली तीन प्रश्नांची चाचणी याच फटीवर बोट ठेवते. बॅट आणि चेंडू मिळून १ डॉलर १० सेंट, बॅट चेंडूपेक्षा १ डॉलरने महाग, चेंडू कितीचा? मनात लगेच १० सेंट येतात, उत्तर ५ सेंट आहे. आकडेमोड प्राथमिक शाळेतली आहे, अडचण तिची नाही. पहिल्या सुचलेल्या उत्तराला थांबवून तपासण्याची आहे. ३,४२८ सहभागींपैकी तिन्ही प्रश्न बरोबर सोडवणारे फक्त १७ टक्के होते, आणि ३३ टक्क्यांना एकही आला नाही. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीसारख्या ठिकाणी, जिथे गणितात तरबेज असल्याशिवाय प्रवेशच मिळत नाही, तिथेही तिन्ही बरोबर सोडवणारे निम्म्याहून कमी, ४८ टक्के, भरले. पुढे मॅगी टोप्लाक, वेस्ट आणि स्टॅनोविच यांनी २०११ मध्ये दाखवले की, बुद्धिमत्तेचा हिशेब वेगळा काढल्यावरही या चाचणीचे गुण इतर कलांविषयी काही सांगतात. थांबून पाहण्याची सवय आणि पाहण्याची ताकद या दोन गोष्टी शेजारी नांदतात, पण त्या एक नाहीत.

बुद्धिमत्ता नेमकी कुठे उपयोगी पडते, हे सर्वांत स्पष्ट दाखवणारा अभ्यास सहभागींना काय सूचना दिली यावर आधारलेला आहे. इव्हान्स, सायमन हॅन्डली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये एका गटाला सांगितले, आधारविधाने खरी माना आणि त्यांतून जे अनिवार्यपणे निघते तेवढेच स्वीकारा. दुसऱ्या गटाला कोणत्याही विधानावरून माणूस जसा विचार करतो तसा करायला सांगितले. पहिल्या गटात बुद्धिमत्तेच्या वरच्या पायरीवरचे लोक समजुतीच्या पगड्यातून बरेच सुटले. दुसऱ्या गटात त्यांच्यात आणि इतरांत तसा फरक राहिला नाही. समजूत बाजूला ठेवण्याची क्षमता त्यांच्याकडे होती. ती वापरायची आहे, हे कोणी सांगितले नाही तर ती पडून राहत होती.

हाच धडा दुसऱ्या वाटेने स्टॅनोविच आणि वेस्ट यांच्या २००८ च्या लेखातून मिळतो, आणि या साऱ्या साहित्यातला सर्वांत विचार करायला लावणारा लेख तोच म्हणावा लागेल. एकाच गोष्टीची दोन वेगवेगळी मांडणी केली की माणसाचा निर्णय बदलतो, हा परिचित कल आहे. दोन्ही मांडण्या एकाच व्यक्तीला दाखवल्या तर बुद्धिमान व्यक्तीला सुसंगती राखायची आहे हे उमगते आणि ती सावध होते. पण एका गटाला एक आणि दुसऱ्या गटाला दुसरी मांडणी दाखवली, म्हणजे तुलनेची सोयच काढून घेतली, तर सॅटमध्ये वरचे गुण मिळवणारे आणि खालचे गुण मिळवणारे जवळजवळ सारखेच घसरतात. लिंडाचा प्रश्न, सुरुवातीला ऐकलेल्या आकड्याकडे अंदाज ओढला जाणे, आधी खर्च झालेल्या पैशापायी तोट्यातला निर्णय पुढे रेटणे, या सर्वांत तोच प्रकार आढळला. खऱ्या आयुष्यात दुसरी मांडणी समोर येत नाही. वर्तमानपत्रातला मथळा एकाच रूपात वाचायला मिळतो आणि दुकानातली किंमतही एकदाच लिहिलेली असते. म्हणून प्रयोगशाळेतला दुसरा प्रकार जीवनाच्या अधिक जवळचा मानायला हवा, आणि तिथे बुद्धिमत्तेचा आधार कमी पडतो.

आता तो कल, ज्याच्या बाबतीत बुद्धिमत्ता जवळजवळ निरुपयोगी दिसते : आपल्या बाजूचे पुरावे शोधण्याचा, त्यांना झुकते माप देण्याचा, विरुद्ध बाजूच्या पुराव्यांत खोट काढण्याचा. हार्वर्डमधील डेव्हिड पर्किन्स यांनी १९८० च्या दशकात लोकांना एखाद्या सार्वजनिक प्रश्नावर दोन्ही बाजूंची कारणे लिहायला लावली. बुद्ध्यंक जास्त असलेल्यांनी स्वतःच्या बाजूची कारणे अधिक लिहिली. विरुद्ध बाजूची कारणे मात्र त्यांच्याकडूनही वाढली नाहीत. पुढे स्टॅनोविच आणि वेस्ट यांनी अमेरिकन विद्यार्थ्यांना एका मोटारीची माहिती दिली, जी अपघातात समोरच्या गाडीतील लोकांना सामान्य कुटुंबाच्या गाडीपेक्षा कितीतरी पट जास्त धोकादायक होती. एका गटाला ती जर्मन गाडी अमेरिकेच्या रस्त्यांवर आहे असे सांगितले, दुसऱ्या गटाला ती अमेरिकन गाडी जर्मनीच्या रस्त्यांवर आहे असे. आकडे तेच असताना जर्मन गाडीवर बंदी घालावी, असे म्हणणारे ठळकपणे जास्त निघाले. आणि हा आपपरभाव सॅटच्या वरच्या गुणांबरोबर कमी झाला नाही. वेस्ट, टोप्लाक आणि स्टॅनोविच यांनी २०१३ मध्ये या साऱ्या कामाचा आढावा घेतला तेव्हा स्वपक्षाचा कल आणि बुद्धिमत्ता यांचा संबंध नाममात्र असल्याचा त्यांचा निष्कर्ष होता.

येल विद्यापीठातील डॅन कहान यांनी याहून पुढचा दावा केला. सुमारे ११०० अमेरिकनांना त्यांनी आकड्यांचा एक तक्ता दिला. काहींना तो त्वचेवरील पुरळाच्या मलमाबद्दल म्हणून दाखवला, काहींना बंदूक बाळगण्यावरील बंदी आणि गुन्हेगारीबद्दल म्हणून. वरवर पाहिले तर तक्ता एक गोष्ट सांगे, प्रमाण काढले तर नेमकी उलट. मलमाच्या बाबतीत आकड्यांत तरबेज असणारे बरोबर उत्तरापर्यंत पोचले. बंदुकीच्या बाबतीत ते आपल्या राजकीय पक्षाला सोयीचे उत्तर निघाले तेव्हाच पोचले. गैरसोयीचे असेल तेव्हा आकडेमोड थांबली. म्हणजे आकड्यांचे कौशल्य जितके जास्त तितकी दोन्ही पक्षांमधली दरी रुंद. हा निष्कर्ष गाजला, पण त्यावर शेवटचा शब्द अजून झालेला नाही. नंतरच्या मोठ्या, पूर्वनोंदणी केलेल्या पुनर्प्रयोगांत पक्षाकडे झुकणे दिसले, पण कौशल्याबरोबर ते वाढते हा भाग तितकासा टिकला नाही. गॉर्डन पेनीकुक आणि डेव्हिड रँड यांनी २०१९ मध्ये दाखवले की, खोट्या बातम्या ओळखण्यात फ्रेडरिक यांच्या चाचणीत वरचे गुण मिळवणारे सरस ठरतात, बातमी आपल्या पक्षाला सोयीची असली तरीही. सध्याच्या पुराव्यावरून इतके म्हणणे रास्त ठरेल : बुद्धिमत्ता स्वपक्षाचा कल नेमाने वाढवते हे सिद्ध नाही, ती तो कमी करते असेही दिसत नाही. हा दुसरा भागही कमी गंभीर नाही, कारण समाजात ज्यांच्या शब्दाला वजन असते ती माणसे बहुधा याच वरच्या गटातली असतात.

त्यात भर पडते ती स्वतःचा कल न दिसण्याची. एमिली प्रोनिन आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये दाखवले की, लोक पूर्वग्रहांची यादी वाचून ते इतरांत भरपूर असल्याचे मान्य करतात आणि स्वतःत मात्र कमी मानतात. वेस्ट, रसेल मेझर्व्ह आणि स्टॅनोविच यांनी २०१२ मध्ये हाच आंधळेपणा बुद्धिमत्तेशी ताडून पाहिला. बुद्धिमान लोकांत तो कमी आढळला नाही; काही कलांबाबत किंचित जास्तच आढळला. त्या लोकांची प्रत्यक्ष कामगिरी त्यांच्या आत्मविश्वासाला साजेशी नव्हती.

हे सगळे एकत्र कसे समजून घ्यायचे? स्टॅनोविच यांची मांडणी आजवर सर्वांत उपयोगी ठरली आहे. मनाचा एक भाग आपोआप, झटपट उत्तरे देतो. त्यांना रोखून, पर्यायी शक्यता डोक्यात धरून, पायरीपायरीने हिशेब करायला जी ताकद लागते ती बुद्धिमापन चाचण्या मोजतात. पण या ताकदीला कामाला लावायचे की नाही, हे तिसरा भाग ठरवतो. त्यात माणसाची ध्येये, त्याचे मोकळेपण, विरोधी पुरावा शोधण्याची त्याची तयारी येते, आणि चाचण्या हे मोजत नाहीत. शिवाय डोक्यात साधने हवीत. संभाव्यतेचा नियम किंवा तर्कशास्त्राचा आकार मुळात शिकलेलाच नसेल तर कितीही ताकद असून तिला पकडायला काही नसते. या मांडणीत बुद्धिमत्तेचा वाटा कमी-जास्त का होतो हे कळते. प्रश्न ओळखीचा आहे, नियम माहीत आहे, समजूत बाजूला ठेवायची सूचना मिळाली आहे, फक्त पहिले उत्तर बराच वेळ थोपवून धरायचे आहे, अशा ठिकाणी बुद्धिमत्तेचा फायदा ठळक. इशाराच मिळत नाही किंवा पहिले उत्तर मनाला हवेहवेसे आहे, तिथे तिला कामावर बोलावलेच जात नाही. विवेक आणि बुद्धी यांची ही फारकत मोजता यावी म्हणून स्टॅनोविच, वेस्ट आणि टोप्लाक यांनी २०१६ मध्ये विवेकी विचाराची स्वतंत्र चाचणीही प्रसिद्ध केली.

या मांडणीला गेल्या दशकात आतून एक धक्का बसला आहे. सहजस्फूर्त उत्तर चुकीचे आणि विचारांती आलेले उत्तर बरोबर, असे तिच्यात गृहीत धरलेले असते. विम डी नेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सहभागींकडून दोन उत्तरे घ्यायला सुरुवात केली. पहिले अगदी कमी वेळात, डोक्यावर दुसऱ्या कामाचा बोजा ठेवून. दुसरे हवा तितका विचार करून. बरोबर उत्तर देणाऱ्यांपैकी बहुतेकांचे पहिले उत्तरही बरोबरच होते. २०२० मध्ये मॅथ्यू राओएलिसन, व्हॅलरी थॉम्प्सन आणि डी नेस यांनी दाखवले की, बुद्धिमत्तेचा संबंध चूक सुधारण्याशी आहे त्यापेक्षा पहिल्याच झटक्यात बरोबर उत्तर सुचण्याशी अधिक आहे. बुद्धिमान माणूस आपल्या आतल्या चुकीच्या आवाजाशी झगडून जिंकतो, हे चित्र यामुळे निदान अर्धे तरी बदलावे लागते. वर्षानुवर्षांच्या सरावाने त्याच्या तर्काचे नियम सहज झालेले असावेत, असा याचा अर्थ डी नेस लावतात. चुकीचे उत्तर देणाऱ्यांनाही आपले काही तरी बिनसते आहे याची पुसट जाणीव असते, हे त्यांच्या गटाने उत्तराला लागणारा वेळ आणि आत्मविश्वास मोजून दाखवले आहे. पण हेही काही ठरावीक कोड्यांपुरते आहे. ज्या नियमांचा सराव झालेला नाही, त्यांच्याबाबत अंतःप्रेरणेवर भरवसा ठेवायला आधार नाही.

या संशोधनावर घेतलेले काही आक्षेप ठाम आहेत आणि ते वाचकाने ध्यानात ठेवावेत असे आहेत. सहभागी बहुतेक अमेरिकन आणि युरोपीय विद्यापीठांतले विद्यार्थी असतात. त्यांच्या बुद्धिमत्तेतला फरक मुळातच कमी असल्याने सहसंबंध खऱ्यापेक्षा लहान दिसतो. एकेका कलाचे मापन एक-दोन प्रश्नांवर होते, आणि इतक्या डळमळीत मापाने मोठा सहसंबंध मिळणे कठीण. कल एकमेकांशीही फारसे जुळत नाहीत, त्यामुळे ‘कलप्रवण’ असा माणसाचा एकच गुण आहे का, हाच प्रश्न उरतो. गर्ड गिगरेन्झर यांनी वेगळ्या बाजूने हल्ला केला : टक्केवारीऐवजी ‘शंभरांपैकी इतके’ अशा साध्या मोजणीत प्रश्न दिले तर कित्येक कल विरघळतात. वेसनच्या पत्त्यांचेही तसेच. रिचर्ड ग्रिग्ज आणि जेम्स कॉक्स यांनी १९८२ मध्ये स्वर-सम संख्येऐवजी ‘बिअर पिणारा १९ वर्षांवरचा हवा’ असा फ्लोरिडातला कायदा घेतला, आणि पोलिसाच्या भूमिकेतून तपासायला सांगितले. सुमारे तीन-चतुर्थांश विद्यार्थी बरोबर निघाले. बुद्धिमत्ता तीच, तर्काचा आकार तोच, विषय ओळखीचा.

शाळेचा वाटा यात किती असतो, याचा जुना पण अजून बोलका पुरावा सोव्हिएत मानसशास्त्रज्ञ अलेक्सांद्र लुरिया यांचा आहे. १९३१ आणि १९३२ मध्ये त्यांनी उझबेकिस्तानातील खेड्यांत शाळेत न गेलेल्या शेतकऱ्यांना अशी कोडी घातली : दूर उत्तरेला, जिथे बर्फ असते, तिथली सर्व अस्वले पांढरी असतात; अमुक ठिकाण उत्तरेला आहे; तिथली अस्वले कोणत्या रंगाची? अनेकांनी उत्तर द्यायलाच नकार दिला. आपण ते पाहिलेले नाही, पाहिलेल्या माणसाला विचारा, असा त्यांचा सूर होता. हेच शेतकरी कापसाच्या, पाण्याच्या, बाजाराच्या प्रश्नांत अत्यंत कुशाग्र होते. काही महिने शिकलेल्यांनी मात्र त्याच कोड्यांची उत्तरे सहज दिली. दिलेली विधाने खेळापुरती खरी मानून विचार पुढे नेण्याची सवय मुख्यतः शाळेत लागते, आणि बुद्धिमापन चाचण्या तीच सवय गृहीत धरून बसलेल्या असतात. बुद्धिमत्ता आणि तर्कातले कल यांच्यातल्या सहसंबंधाचा काही भाग त्यामुळे शिक्षणाचाच असणार.

मग शिकवून कल कमी होतात का? तर्कशास्त्राच्या वर्गाचा परिणाम निराशाजनक आहे. पॅट्रिशिया चेंग, कीथ होलिओक, रिचर्ड निस्बेट आणि लिंडसे ऑलिव्हर यांना १९८६ मध्ये आढळले की, विद्यापीठातला तर्कशास्त्राचा एका सत्राचा अभ्यासक्रम पुरा केल्यावरही वेसनच्या पत्त्यांत जाणवण्याजोगी सुधारणा होत नाही. मिशिगन विद्यापीठातील १९८८ च्या अभ्यासाने दिलेले चित्र अधिक आशादायक होते. मानसशास्त्र आणि वैद्यक यांच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांची दोन वर्षांत दैनंदिन प्रश्नांतली सांख्यिकीय समज बरीच वाढली, रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांची वाढली नाही. मानसशास्त्र आणि वैद्यकात अनिश्चित कारणांशी रोज झुंजावे लागते, रसायनात तितके नाही, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते. आकाराचा नुसता नियम शिकवण्यापेक्षा नियम कुठे लागू होतो हे पुन्हा पुन्हा दाखवणे उपयोगी पडते. एस्तेर बुआसाँ, डी नेस आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये बॅट-चेंडूच्या कोड्यातली चूक थोडक्यात समजावून दिली, तेव्हा बहुतेकांना त्यानंतर तसल्या कोड्यांची बरोबर उत्तरे पहिल्याच झटक्यात सुचू लागली, आणि दोन महिन्यांनीही हा परिणाम टिकून होता. पण एका कोड्याचा धडा वेगळ्या जातीच्या कोड्यापर्यंत आपोआप पोचत नाही, आणि स्वपक्षाच्या कलावर असा छोटा उपाय अद्याप सापडलेला नाही.

त्याबाबत थोडा आधार मिळतो तो एकट्या डोक्याच्या बाहेरून. ह्यूगो मेर्सिए आणि डान स्पर्बर यांनी २०११ मध्ये असे मत मांडले की, तर्कशक्ती उत्क्रांत झाली ती मुळात दुसऱ्याला पटवण्यासाठी आणि दुसऱ्याचे म्हणणे पारखण्यासाठी. आपले म्हणणे माणूस ढिलाईने तपासतो आणि दुसऱ्याचे कसून, यात नवल नाही. डेव्हिड मोशमन आणि मॉली गाइल यांच्या १९९८ च्या प्रयोगात वेसनचे पत्ते एकट्याने सोडवणाऱ्यांपैकी ९ टक्क्यांना बरोबर उत्तर मिळाले, तर पाच-सहा जणांच्या चर्चा करणाऱ्या गटांपैकी ७५ टक्क्यांना. गटातला सर्वांत हुशार माणूस उत्तर सांगतो आणि बाकीचे मान डोलावतात, एवढ्याने या फरकाचा उलगडा होत नाही. सुरुवातीला एकालाही उत्तर येत नव्हते अशा काही गटांनीही चर्चेतून ते शोधले. इथे उत्तर एकदा मांडले की ते दाखवून देता येते आणि कोणाचे काही पणाला लागलेले नसते. जिथे गटातले सगळे आधीच एका बाजूचे असतात, तिथे चर्चेने तीच बाजू आणखी ताठर होते, हेही प्रयोगांतून वारंवार दिसले आहे. तेव्हा गटात मतभेद असणे आणि ते बोलून दाखवायला मोकळीक असणे या दोन अटी पुऱ्या झाल्या तरच एकाचा कल दुसऱ्याच्या कलाला आवर घालू शकतो.